बिनधुराचा मिस्त्री

वर्धनगडच्या घाटात, ऐन वळणावर, आमची नवी गाडी बंद पडली.

नवी म्हणजे आमच्यासाठी नवी. बाकी जगाच्या दृष्टीने ती चांगली जुनी डिझेल पिकअप होती, शिरवळच्या एका कारखान्यात माल वाहून वाहून दमलेली. आबांनी ती त्याच सकाळी घेतली होती आणि कशी घेतली म्हणाल, तर मेंढा घेतात तशी. बॉनेटला कान लावला, टायरवर अंगठा दाबून बघितला, भोवतीनं सावकाश चक्कर मारली आणि म्हणाले, "जनावर बरं हाय."

"दात बगायचं ऱ्हायलं," आई म्हणाली. पण तोवर सौदा झाला होता.

आबा म्हणजे माझे वडील, नानासो. आटपाडीच्या पुढे आमचं गाव. पाऊस तिथे पाहुण्यासारखा येतो, चहा घेतो न घेतो तोच निघतो. आबांची सारी उमर मेंढरांमागे गेली. आता त्यांनी डाळिंबाची बाग लावली होती, मोठा कळप विकून थोडी माडग्याळी जातीची मेंढरं तेवढी ठेवली होती. पांढरीशुभ्र, मधूनमधून तांबडे ठिपके, आणि नाकं अशी की जणू सगळी सरदार घराण्यातली. रोज संध्याकाळी ती परतली की आबा त्यांच्यामधून एक फेरी मारायचे, कुणाच्या कानाला हात लाव, कुणाच्या पाठीवर फिरव. त्याशिवाय त्यांना जेवण जात नसे. ही मेंढरं आणि डाळिंबं बाजाराला न्यायची म्हणून गाडी. चालवायला ते नुकतेच शिकले होते आणि बैलाशी बोलावं तसं गाडीशी बोलत चालवायचे.

तर श्रावणातली भुरभुर पडतेय, मागे सातारा-आटपाडी एसटी अडकलीय आणि आबा स्टिअरिंगला म्हणतायत, "चल माजी बाय, चल."

बाय काही हलेना. एसटीतली माणसं खाली उतरली आणि फुकटचे सल्ले सुरू झाले. कुणी म्हणे धक्का मारा, कुणी म्हणे मागं घ्या, एक आजोबा म्हणाले, "म्होरं लिंबू बांदलं न्हाई व्हय? मंग कशी चालंल?"

तेवढ्यात गर्दीतून एक जण पुढे आला. खांद्याला कापडी पिशवी, बाह्या कोपरापर्यंत वर, केसांवर पावसाचे बारीक थेंब. कुणाला काही न विचारता त्याने बॉनेट उघडलं, आत वाकून बघितलं, आणि तसाच वाकलेला म्हणाला, "नळीत हवा धरलीया. कुनीतरी ह्यो खटका दाबत ऱ्हावा."

सगळ्यात जवळ मी उभी होते. मी दाबायला लागले.

"दाबा... दाबा... आता सोडू नका..."

मी सोडला नाही. डिझेलची चिळकांडी उडाली ती थेट माझ्या नव्या ओढणीवर.

"अहो!"

"निगाली हवा," तो खूश होऊन म्हणाला. मग ओढणीकडे बघितलं, आणि मग — जरा जास्तच वेळ — माझ्याकडे.

"धुतल्यावर जाईल का हे?"

"डाग जाईल. वास आठ दिवस जात न्हाई."

"मग आठ दिवस मी काय करू?"

"काय न्हाई. आटवन काढा आमची."

एवढ्या माणसांत इतकं निर्लज्ज बोलणं! मी रागाने तोंड फिरवलं. राग दाखवायचा तर तोंड फिरवावंच लागतं, कारण मला हसू येत होतं.

गाडी सुरू झाली. आबांनी ती कडेला घेतली, तशी एसटी भुर्रकन निघून गेली, त्या उपकारकर्त्याला तिथेच सोडून. तो रस्त्याच्या मधोमध उभा राहून तिच्याकडे बघत राहिला. आबा म्हणाले, "ती गेली तर जाऊ दे. ही हाय की." तो मागच्या मोकळ्या हौद्यात चढला आणि आबांनी त्याला पावसासाठी स्वतःचं घोंगडं दिलं. आबांचं घोंगडं मला कधी मिळालं नाही. आई चकित होऊन माझ्याकडे बघायला लागली.

पुसेगावला त्याच्या मामाचं घर होतं, तिथे तो उतरला. नाव बिरदेव. लोक म्हणतात बिरू मिस्त्री. सांगलीत गाड्यांचे डिझेल पंप आणि नोझल, म्हणजे डिझेल फवारायच्या तोट्या, दुरुस्त करायचं स्वतःचं दुकान. मी तेव्हा सांगलीतच बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होते, वसतिगृहात राहत होते. हे मी त्याला अजिबात सांगितलं नाही. आईनेच सांगितलं, वसतिगृहाच्या पत्त्यासकट.

आता थोडं गाडीचं शास्त्र सांगते. घाबरू नका, मलाही एवढंच येतं. डिझेल गाडीचं काळीज म्हणजे पंप. त्या पंपावर एक बारका स्क्रू असतो. तो उघडला की डिझेल जास्त जातं, गाडी उधळते, पण काळा धूर ओकते आणि इंजिन तापतं. आवळला की धूर बंद, इंजिन थंड, डिझेल कमी लागतं, पण गाडी आस्ते कदम चालते. स्क्रू मनासारखा लावून झाला की मिस्त्री त्याला तार गुंडाळतो आणि तारेवर शिशाचा शिक्का दाबतो. त्याचा अर्थ, याला आता दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही.

आमच्या गाडीला मात्र दोघे जण हात लावत होते. कारण साताऱ्यात हरी होता.

हरी हा आईच्या मावसभावाचा मुलगा. म्हसवडकडचा, पण साताऱ्यात मोठं गॅरेज टाकलेला. काळा चष्मा, खिशात कंगवा, आणि येईल त्या गाडीचा स्क्रू उघडायचा हात. "आत्या, ओढ बगा, ओढ!" असं म्हणत तो गाडी आईच्या समोर उभी करायचा. ओढ होतीच. गाडी साताऱ्याहून आली की गल्लीतल्या कोंबड्या घरात शिरायच्या आणि वाळत घातलेली धुणी बायका परत धुवायला काढायच्या. धुरापायी आबा वैतागले की ते गाडी सांगलीला न्यायचे. बिरू हरीचा शिक्का तोडून स्वतःचा मारायचा. मग गाडी घरी यायची ती आली कधी तेच कळायचं नाही. "ही काय गाडी म्हनायची? मुंगी हाय मुंगी," असं म्हणून आई पुढच्या खेपेला साताऱ्याला पाठवायची. तिथे हरी बिरूचा शिक्का तोडायचा. गाडीच्या वजनाएवढं शिसं त्या दोघांच्या दुकानांत साठलं असेल.

मी कुणाच्या बाजूने होते? मी अभ्यास करत होते. फक्त दर रविवारी आबा गावातल्या टेलिफोन बूथवरून वसतिगृहात फोन करायचे आणि गाडीची तक्रार सांगायचे, आणि ती मिस्त्रीला पोचवायचं काम माझ्यावर होतं. आज्ञाधारक मुलगी होते मी.

"आबांचा निरोप आहे. गाडी उजवीकडे ओढते म्हणतात."

"ते चाकाचं काम. मी पंपवाला."

"मग कुणाला विचारू?"

"मलाच इचारा की. उत्तर येत न्हाई, पर बसाय स्टूल हाय."

ते लोखंडी स्टूल त्याने फडक्याने पुसायचं, मी नको नको म्हणायचं आणि बसायचं. समोर तो पंप उघडून बसलेला. स्वभावाने महाहट्टी. एखादा ट्रकवाला म्हणाला, "बिरू, जरा जास्त उगड की," तर हा म्हणायचा, "न्हाई उगडत. दुसरीकडं जावा." ट्रकवाले शिव्या घालत जायचे आणि इंजिन कुठेतरी जळालं की परत याच्याकडेच यायचे. एकदा शिक्का मारायची ती पक्कड मी हातात घेतली. "मी मारू का एक? गंमत म्हणून?"

त्याने पक्कड हळूच काढून घेतली. "ह्यात गंमत न्हाई. शिक्का ज्याचा त्यानंच मारायचा. उद्या काय बी झालं तर त्यो निस्तरायला त्यानंच हुबं ऱ्हायचं आसतं."

मला राग आला. त्याहून जास्त तो आवडला, आणि याचा आणखी राग आला.

मग एका रविवारी आबांचा फोन आलाच नाही. आता काय निरोप न्यायचा? मी ठोकून दिलं. "गाडीत एक आवाज येतो म्हणे. थांबून थांबून. टिकटिक असा."

"टिकटिक?" त्याने गंभीरपणे मान हलवली. आणि काय सांगू, पुढच्या सुट्टीला तो एवढ्या लांब आमच्या गावाला गेला, गाडीच्या खाली झोपून, वर चढून आवाज शोधत बसला. मला हे कळलं तेव्हा जमीन दुभंगली तर बरं असं झालं. तरी दुकानात गेलेच.

"सापडला का हो आवाज?"

"सापडला." तो एक नोझल पुसत होता. आधीच चकचकीत होतं ते. "गाडीत न्हवताच. मंग म्हनलं... सांगलीतच कुटंतरी आसंल."

"सांगलीत कुठे?"

त्याने स्टुलाकडे बघितलं. म्हणजे स्टुलावर जे होतं त्याच्याकडे.

"दुरुस्त करायचा का ऱ्हाऊ दे तसाच?"

"राहू दे," मी म्हणाले. "तसा... त्रास नाही त्याचा."

एवढंच. बाकी आम्ही काही बोललो नाही. त्या संध्याकाळी मी वसतिगृहात परतले आणि ताटात आमटी वाढून घ्यायची विसरून नुसता भात खाल्ला.

दिवाळीला घरी गेले तर हरीच्या घरून मागणी आली होती. आई हवेतच होती. "माज्या माहेरचं पोरगं, सातारसारकं गाव, आनि काय पायजे?" आठवडा गेला नाही तोच पुसेगावचे मामा बिरूसाठी शब्द टाकून गेले. दोन्ही घरं आपल्यातलीच, दोन्ही पोरं कमावती. आई साताऱ्याकडे ओढायला लागली. मी तोंड उघडणार, तेवढ्यात आबांनी हात वर केला.

"येका गाडीला दोन मिस्त्री. येका पोरीला दोन स्थळं. दोनी घोळ येकाच दिशी मिटवू. वर्धनगडचा घाट. गाडी तीच, वझं तेच. दोगांनी आपापल्या परीनं स्क्रू लावायचा आन् वर घालायची. ज्याची गाडी चांगली चढंल त्यो आपला मिस्त्री. आन् जावय बी त्योच."

"आबा! हे काय स्वयंवर आहे का?"

"स्वयंवरात पोरगी निवडती. हितं गाडी निवडनार हाय."

"वझं म्हनून खताची पोती टाका," आई म्हणाली. तिने निकाल मनात लावून टाकला होता.

"पोती काय बोलत न्हाईत," आबा म्हणाले. "मेंढरं घालू."

मेंढरं काय बोलणार होती, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही.

मी सांगलीला परतले ती थेट दुकानात. घाट चढायची शर्यत आणि समोर हरी! हरी वाईट नव्हता हो. वाईट असता तर सोपं झालं असतं. हसरा होता, उदार होता, आईची काळजी घेणारा होता. पण हरीच्या गॅरेजमध्ये दहा स्टुलं असती तरी मला एकावरही बसावंसं वाटलं नसतं. आणि आबांनी एकदा शब्द दिला की दिला. बिरू हरला असता तर मी साताऱ्याला गेले असते, आणि सगळा जन्म धुरात.

"स्क्रू उघडा," मी म्हणाले. "जास्त नाही. पाव फेरा."

"न्हाई."

"एकदाच. घाटापुरता."

"घाटातच इंजन तापतं. त्यात नानांनी पै पै लावलीया. न्हाई."

"माझ्यासाठी?"

त्याने हातातलं फडकं खाली ठेवलं. मग हळू म्हणाला, "तुमच्यासाटी काय बी करीन. पर चुकीचा स्क्रू लावनार न्हाई."

"मग बसा तुमचा बरोबर स्क्रू घेऊन! जेवायला पण तोच वाढेल!"

उठताना मी स्टुलाला लाथ मारली. ते पडलं नाही. चांगलं जड होतं. माझाच अंगठा सुजला, आणि मी रडत वसतिगृहात गेले ते अंगठ्यामुळे, असं मैत्रिणींना सांगितलं.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी आम्ही सगळे घाटाच्या पायथ्याशी जमलो. गार वारा, कोवळं ऊन, हौद्यात दाटीवाटीने मेंढरं. आबा पांढरं धोतर, पांढरा फेटा अशा थाटात. हरी मोटारसायकलच्या आरशात भांग पाडत होता. पहिली पाळी बिरूची आली. रस्त्याकडेच्या म्हसोबाला नारळ फोडायला आई आणि आबा गेले, तसं बिरूने बॉनेट उघडलं. मी पलीकडून जाऊन उभी राहिले. आमचं सगळं प्रेम हे असं, बॉनेटच्या आडोशाला झालं. तिथे कुणी बघत नाही, सगळ्यांना वाटतं गाडीचंच काही चाललंय.

स्टुलाला लाथ मारली तेव्हापासून आम्ही बोललो नव्हतो. त्याने खिडकीतून हात घालून गाडी सुरू केली आणि मागून भस्सकन काळा धूर आला.

"हे काय?"

"पाव फेरा." तो माझ्याकडे बघत नव्हता. "तुमी म्हनला व्हता."

मला आनंद व्हायला हवा होता. आठवडाभर देवाकडे हेच मागत होते. पण त्याचा चेहरा बघितला. चोरी करताना सापडल्यासारखा उभा होता तो. हा माणूस कुणाचं ऐकत नाही म्हणून तर मी त्याच्या दुकानात जाऊन बसत होते. तो माझ्यासाठी वाकला होता, आणि तो वाकलेला मला बघवेना.

"मागे फिरवा."

"आं?"

"जसा होता तसा करा. लवकर. आई येईल."

"आन् हरलो तर?"

"हरलात तर मी आबांशी भांडेन. रडेन. अन्न सोडेन. ते माझं काम. तुमचं काम हे आहे, ते नीट करा."

"आन् तरीबी न्हाई जमलं तर?"

"तर... तर माणूस बरोबर निवडला होता, एवढं तरी जन्मभर राहील मला."

त्याने मान वर केली. डोळे असे लकाकले की मला खाली बघावं लागलं. "म्हंजे... निवडलाय?"

"स्क्रू फिरवा आधी!"

त्याने फिरवला. धूर थांबला. आई खोबऱ्याचा तुकडा घेऊन आली आणि म्हणाली, "का गं, तोंड का लाल झालंय?" मी म्हणाले, इंजिन गरम आहे.

गाडी निघाली. बिरू चालवतोय, खिडकीशी मी, आणि मधे आई, चांगली ऐसपैस. मागच्या काचेतून बघितलं तर आबा मेंढरांमध्ये घोंगडं टाकून बसले होते, डोळे अर्धे मिटून.

"चालाय लागली का हुबीच हाय?" आईने विचारलं.

"चालतीया, काकी."

पहिल्या वळणावर एक म्हातारी डोक्यावर सरपणाचा भारा घेऊन चढत होती. आम्ही तिला गाठलं, पण ओलांडायला बराच वेळ लागला. आईला दया आली. "यायचं का गं आजी, गाडीत?"

"नगं बाय," म्हातारी म्हणाली. "मला घाई हाय."

मी खिडकीतून बाहेर तोंड काढून रडू की हसू ठरवत राहिले. बिरू शांत. एका लयीत, न थांबता, न गुरगुरता गाडी चढत राहिली आणि अखेर वर पोचली. आबा मेंढरांवरून हात फिरवत होते. मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं, काही कळलं नाही. आम्ही तिघं वर चहाच्या टपरीशी उतरलो, आणि हरी — तो मोटारसायकलवर मागून आला होता — गाडी घेऊन खाली गेला. आबा आणि मेंढरं गाडीतच.

"आता बगा," आई म्हणाली आणि पदर खोचून उभी राहिली.

आधी हॉर्न ऐकू आला. मग खालच्या वळणावर काळा ढग दिसला. ढग दुसऱ्या वळणावर आला, तिसऱ्या वळणावर आला, आणि बघता बघता गर्जना करत गाडी आमच्यासमोर येऊन थांबली. केवढी ओढ! हरीने उडी मारली, चष्मा कपाळावर सरकवला. "आत्या, बगितलं?"

आईने टाळ्या वाजवल्या. मी बिरूकडे बघितलं, तो चहाच्या कपाकडे बघत होता. संपलं, असं वाटलं. खरंच वाटलं.

तेवढ्यात हौद्यातून एक काळाकुट्ट माणूस उठून उभा राहिला. काळा फेटा, काळं धोतर, डोळे तेवढे पांढरे.

"आगं बया!" आई किंचाळली. "वाटंत ह्यो कोन घेतलास रं हरी?"

"मी हाय," काळा माणूस खोकला. "तुजा दादला."

टपरीवाल्याने पाणी पुढे केलं. आबांनी तोंड धुतलं नाही. त्यांनी हौद्याची मागची फळी पाडली आणि म्हणाले, "सगळी हिकडं या. बगा."

आमची ती सरदार घराण्यातली मेंढरं कोळशाच्या वखारीतून आल्यासारखी दिसत होती. माना खाली, पोटं भात्यासारखी हलतायत, एक सारखी शिंकतेय. ती आईची लाडकी होती, हातावर वाढवलेली.

"मगाशी ह्याच वाटंनं ही वर आली," आबा म्हणाले, "तवा रवंथ करत व्हती. कान गार व्हतं. आता लाव हात कानाला." हरीने लावला. "हरी, झकास आलास. लय जोरात आलास. पर आमी रानोमाळ कळप न्हेत व्हतो तवा सांजच्याला तळावर आदी कोन आलं, ह्ये कुनी इचारलं न्हाई. मेंढरू कसं आलं, ह्येच बगायचं. रवंथ चालू आसंल तर त्यो मेंढका खरा. दमवून आनील त्येच्या हातात दुसऱ्या दिशी कळप देत न्हाईत. मंग पोरगी कशी दिऊ?"

"पर मामा, ओढ?" हरी म्हणाला.

"ओढ हाय की. मेंढरं मरंपतुर हाय."

मला आठवलं, रोज संध्याकाळी आबा मेंढरांतून फिरायचे. लहानपणापासून बघत होते मी ते. बघितलं होतं, आणि तरी आबा पोती सोडून मेंढरं का घालतात हे मला कळलं नव्हतं!

आई वाद घालणार होती. पण तिची लाडकी पुन्हा शिंकली. "माज्या लेकराला पार धुरवून काडलंस की रं!" असं म्हणून आईने पदराने तिचं नाक पुसलं, आणि आई तिथल्या तिथे फिरली. माहेर ते माहेर, पण मेंढरू ते मेंढरू.

"ठरलं तर," आबा म्हणाले. "बिरदेव—"

"नाना, थांबा." बिरू पुढे आला. मी मनातल्या मनात म्हटलं, गप्प बस, आता तरी गप्प बस! पण हट्टी माणूस. "येक सांगायचं हाय. सकाळी मीबी स्क्रू उगडला व्हता. हिनं फिरवाय लावला मागं. न्हाईतर मीबी तुमाला काळंच करून आनलं आसतं."

सगळे माझ्याकडे वळले. मेंढरंसुद्धा.

आबांनी बिरूकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा बिरूकडे. काळ्या तोंडावर काय चाललंय ते कळायला मार्ग नव्हता.

"मंग जितलं कोन?"

"ही," बिरू म्हणाला.

"व्हय की," आबा म्हणाले. "मंग हिलाच इचाराय पायजे. बोल पोरी, काय पायजे?"

मी गावात तोंडाळ म्हणून प्रसिद्ध आहे. बाजारात आईच्या वतीने भांडायला मला नेतात. पण त्या घटकेला आबा, आई, हरी, टपरीवाला आणि एवढी मेंढरं माझ्याकडे बघत असताना तोंडात आली ती गाडीच.

"गाडीचा..." मी म्हणाले, "गाडीचा मिस्त्री आता बदलू नका."

"बरं. आन् तुला?"

"मला पण... तोच."

आईने पदर तोंडाला लावला. हरीने चष्मा काढून उगाच पुसला, आबांना आपला टॉवेल दिला, आणि म्हणाला, "आत्या, वरातीला हॉर्न तरी माजा लावा." मला तेव्हा तो फार चांगला वाटला. त्याच्याबरोबर साताऱ्याला जायचं नसलं की माणूस किती चांगला वाटतो!

बिरूने स्क्रू पुन्हा आपल्या जागेवर आणून ठेवला, तार गुंडाळली. मी पलीकडून जाऊन उभी राहिले. बॉनेट वर, आणि बॉनेटच्या आड आम्ही दोघंच. त्याने तारेवर शिशाचा मणी ओवला, पक्कड काढली आणि माझ्यापुढे धरली.

"दाब."

पहिल्यांदाच तो मला असं एकेरी बोलला.

"शिक्का ज्याचा त्यानेच मारायचा असतो ना?" मी म्हणाले.

"म्हनून तर तुला म्हनतोय."

"आटपा रं!" मागून आबा ओरडले. "मेंढरं धुवायची हायत!"

मी दाबला. शिशावर त्याच्या नावाचा 'बि' उमटला, पण जरा तिरका. एका पकडीवर दोन हात होते. खाली माझा, वर त्याचा.